कृत्तिका, देवयानी आणि आठ इंची दुर्बीण : दृष्टिक्षेत्राच्या हिशेबाचा एक प्रकरण अभ्यास

परिस्थिती आणि प्रश्न

या प्रकरणातील निरीक्षकाकडे २०३ मिमी व्यासाची, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातली आठ इंची, श्मिट-कॅसेग्रेन (आखूड नळीत दोन आरसे आणि पुढे एक पातळ भिंग असलेली) दुर्बीण आहे. तिचे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) २०३२ मिमी असून नाभीय गुणोत्तर, म्हणजे नाभीय अंतर भागिले व्यास, एफ/१० आहे. सोबत १.२५ इंची बॅरलचा ३२ मिमीचा प्लॉसल जातीचा आयपीस (डोळ्याशी धरायचे भिंग) आहे. पुढेमागे मोठे आयपीस घेता यावेत म्हणून दुर्बिणीला २ इंची डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा) लावलेला असून त्यात अडॅप्टर घालून हा लहान आयपीस वापरला जातो. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, २३.५ × १५.६ मिमी सेन्सरचा आहे. शनीची कडी, गुरूचे पट्टे, शौरी तारकासमूहातला एम १३ हा गोलाकार तारकागुच्छ, चंद्रावरची विवरे या सगळ्यांत ही दुर्बीण निरीक्षकाला पुरेपूर समाधान देते. तक्रार दोनच गोष्टींची आहे. कृत्तिकांकडे दुर्बीण वळवली की नुसत्या डोळ्यांना दिसणारा तो सुबक पुंजका नाहीसा होतो आणि आयपीसमध्ये विखुरलेले काही ठळक तारे तेवढे उरतात. देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र घेतले तर चौकटभर पसरलेला धूसर उजेड मिळतो, दीर्घिकेची कड कोठेच दिसत नाही.

यावर निरीक्षकाने स्वतःच एक उपाय शोधला होता. ३२ मिमीच्या प्लॉसलचे आभासी दृष्टिक्षेत्र, म्हणजे आयपीसमधले वर्तुळ डोळ्याला जेवढ्या कोनात पसरलेले दिसते तो कोन, ५० अंशांचे आहे. त्याऐवजी ६८ अंशांचा २४ मिमीचा, त्याच १.२५ इंची बॅरलचा आयपीस घेतला की आकाशाचा अधिक मोठा भाग दिसेल, असा त्याचा कयास होता. छायाचित्रासाठी रिड्यूसर (नाभीय अंतर कमी करणारे भिंग) घ्यावा, असेही त्याने जवळपास ठरवले होते. हे दोन्ही उपाय लागू पडतात का आणि पडत नसतील तर कोणता पडेल, हा या अभ्यासाचा विषय आहे.

आधी वस्तूचे माप

दृष्टिक्षेत्राची चर्चा बहुतेक वेळा उपकरणापासून सुरू होते. खरे तर ती आकाशातल्या वस्तूपासून सुरू व्हायला हवी. आकाशातली मापे कोनात मोजतात. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. पूर्ण चंद्राचा व्यास सुमारे अर्धा अंश, म्हणजे ३० कलांच्या आसपास असतो. कृत्तिकांचा गुच्छ सुमारे ११० कला पसरलेला आहे. मात्र त्यातला ओळखीचा, पळीसारखा दिसणारा ठळक ताऱ्यांचा भाग यापेक्षा बराच लहान आहे. त्याच्या पश्चिम टोकाला इलेक्ट्रा आणि पूर्व टोकाला ॲटलस हा तारा आहे. त्यांच्या विषुवांशांत, म्हणजे वेळेच्या एककात मोजलेल्या पूर्व-पश्चिम स्थानांत, सुमारे २५७ सेकंदांचा फरक आहे. या फरकाला १५ ने गुणून (एक सेकंद म्हणजे १५ विकला) आणि २४ अंश क्रांतीच्या, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनच्या कोनीय अंतराच्या, कोज्येने पुन्हा गुणून दोघांमधले अंतर सुमारे ५९ कला येते. कृत्तिका ओळखू येण्यासाठी किमान ५९ कला हव्यात, आणि त्या गुच्छासारख्या दिसण्यासाठी त्यांच्याभोवती मोकळे आकाशही हवे. देवयानी दीर्घिकेची लांबी सुमारे १९० कला, म्हणजे तीन अंशांहून अधिक, आणि रुंदी सुमारे ६० कला आहे. सहा पूर्ण चंद्र ओळीने मांडले तरी तिची लांबी भरत नाही. एम १३ मात्र २० कलांच्या आसपास आवरतो, आणि गुरूचे बिंब तर एका कलेपेक्षाही लहान असते. निरीक्षकाचे समाधान आणि तक्रार यांची विभागणी नेमकी या मापांवर झाली आहे, हे येथेच लक्षात येते.

एकच भागाकार

दुर्बिणीच्या नाभीप्रतलावर आकाशाची एक सपाट प्रतिमा तयार होते. नाभीय अंतर जितके मोठे, तितकी ही प्रतिमा पसरट. त्या प्रतिमेचा जेवढ्या रुंदीचा तुकडा आपण उचलतो, तेवढेच आकाश आपल्याला दिसते. म्हणून दृष्टिक्षेत्राचे सूत्र एकच आहे: उचललेल्या तुकड्याची रुंदी भागिले नाभीय अंतर, गुणिले ५७.३. उत्तर अंशांत येते. कलांत हवे असेल तर ३४३८ ने आणि विकलांत हवे असेल तर २०६२६५ ने गुणावे. डोळ्याने पाहताना हा तुकडा आयपीसच्या आत बसवलेली धातूची गोल कडी ठरवते, जिला फील्ड स्टॉप म्हणतात. आयपीसमध्ये दिसणाऱ्या वर्तुळाची काळी, रेखीव कड ही तिचीच. छायाचित्र घेताना तो सेन्सरच्या लांबीरुंदीने ठरतो. डोळ्यांसाठी एक गणित आणि कॅमेऱ्यासाठी दुसरे, अशी जी विभागणी नवशिक्यांना शिकवली जाते तिने गोंधळच वाढतो असे माझे मत आहे.

काटेकोरपणे पाहता सूत्रात स्पर्शज्येचे व्यस्त फलन (आर्कटॅन) यायला हवे, म्हणजे २ × आर्कटॅन (रुंदी ÷ दुप्पट नाभीय अंतर), परंतु दुर्बिणीच्या लहान कोनांना त्याने फरक पडत नाही. २४ मिमीच्या कॅमेरा लेन्ससाठी मात्र साध्या भागाकाराने ५६ अंश येतात आणि खरे उत्तर ५२ अंश असते, म्हणून आकाशगंगेच्या रुंद छायाचित्रांसाठी पूर्ण सूत्र वापरावे.

आयपीसचा हिशेब

खोक्यावर फील्ड स्टॉपचे माप क्वचितच छापलेले असते. छापलेले असते ते आभासी दृष्टिक्षेत्र. म्हणून प्रचलित रीत अशी आहे की दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागून विशालन काढायचे आणि आभासी दृष्टिक्षेत्राला त्या विशालनाने भागायचे. ३२ मिमीच्या प्लॉसलसाठी विशालन २०३२ ÷ ३२, म्हणजे ६३.५ पट येते आणि ५० ÷ ६३.५ म्हणजे ०.७९ अंश, अर्थात सुमारे ४७ कला. निरीक्षकाच्या मनातल्या २४ मिमीच्या आयपीससाठी विशालन ८४.७ पट येते आणि ६८ ÷ ८४.७ म्हणजे ०.८० अंश, अर्थात ४८ कला. एवढ्यावरच शंका यायला हवी होती, कारण ५० वरून ६८ अंशांवर जाऊनही हाती एक कला लागली आहे.

फील्ड स्टॉपचा हिशेब मांडला की ही एक कलाही उरत नाही. १.२५ इंची बॅरल बाहेरून ३१.७ मिमीची असते. तिच्या भिंतीची जाडी आणि फिल्टरसाठीचे आटे वगळले की आत जास्तीत जास्त २७ मिमीच्या आसपासची कडी बसू शकते. ३२ मिमीचे चांगले प्लॉसल आणि २४ मिमीचे ६८ अंशी आयपीस हे दोन्ही या कमाल मर्यादेवरच बेतलेले असतात. दोघांचेही दृष्टिक्षेत्र २७ ÷ २०३२ × ५७.३, म्हणजे ०.७६ अंश, अर्थात सुमारे ४६ कला. दोन्ही आयपीस आकाशाचा अगदी तोच तुकडा दाखवतात. दुसरा तो अधिक मोठा करून दाखवतो एवढेच. विशालन वाढल्यामुळे पार्श्वभूमी काळोखी होते आणि दृश्य डोळ्यांपुढे अधिक पसरते, हा लाभ खरा आहे. पण ५९ कलांच्या कृत्तिका ४६ कलांत त्यामुळे मावत नाहीत.

दोन रीतींच्या उत्तरांत फरक का पडतो, हेही पाहण्यासारखे आहे. आयपीस दृश्याच्या मध्यापासून कडेपर्यंत सगळे कोन एकाच पटीने मोठे करत असेल तरच विशालनाचा भागाकार अचूक ठरतो. प्रत्यक्षात रुंद क्षेत्राचे आयपीस कडेला थोडीफार विकृती आणतात आणि छापलेले आभासी दृष्टिक्षेत्र ती विकृती धरूनच मोजलेले असते. शिवाय विक्रीसाठी आकडे सढळ हाताने वर सरकवले जातात. म्हणून फील्ड स्टॉपचे माप मिळत असेल तर विशालनाच्या वाटेला जाऊ नये. उत्पादकाने ते दिलेले नसेल आणि कडी बॅरलच्या तोंडाशी उघडी दिसत असेल, तर व्हर्निअर कॅलिपरने भिंगाला धक्का न लावता ते मोजता येते. काही आयपीसांत मात्र कडी भिंगांच्या मधोमध दडलेली असते, आणि तेथे पुढची रीतच कामी येते.

ताऱ्याच्या सरकण्याने मोजमाप

दुर्बीण स्थिर ठेवली की पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे दृष्टिक्षेत्रातून सरकत जातात. खगोलीय विषुववृत्तावरचा तारा दर सेकंदाला १५.०४ विकला सरकतो. अन्य ताऱ्यांसाठी या आकड्याला क्रांतीच्या कोज्येने गुणायचे. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत पश्चिमेकडचा मिंटाका विषुववृत्तापासून जेमतेम १८ कला दक्षिणेला आहे, त्यामुळे त्याच्यासाठी गुणाकाराचीही गरज पडत नाही. दुर्बिणीची मोटर बंद करायची, तारा पूर्वेकडच्या कडेबाहेर ठेवायचा आणि तो कडेतून आत आल्यापासून समोरच्या कडेला नाहीसा होईपर्यंतचा वेळ मोजायचा.

४६ कलांच्या दृष्टिक्षेत्रासाठी हा वेळ सुमारे १८२ सेकंद यायला हवा. या प्रकरणात तो १७६ सेकंद आला. सहा सेकंदांचा हा फरक सव्वातीन टक्क्यांचा आहे आणि तो कोठून आला हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. तारा वर्तुळाच्या नेमक्या मध्यातून गेला नाही, तर तो व्यासापेक्षा लहान जीवेवरून प्रवास करतो. मध्यापासून त्रिज्येच्या चतुर्थांशाइतका जरी ढळला तरी वेळ तीन टक्क्यांनी घटतो. म्हणजे नुसत्या नेमाच्या चुकीनेही १७६ येऊ शकतात. यासाठी मोजमाप पुन्हा पुन्हा करावे लागते, आणि नेहमीच्या सवयीने त्यांची सरासरी काढण्याऐवजी सर्वांत मोठे वाचन धरावे लागते, कारण नेमाची चूक वेळ फक्त कमीच करू शकते, वाढवू शकत नाही. बोट दाबण्यातली चूक दोन्ही बाजूंनी होते, पण ती सेकंदाच्या आतबाहेर राहते. निरीक्षकाने तारा दरवेळी थोडा वरखाली करून वाचने घेतली तेव्हा मोठ्यात मोठे वाचन १७६ वरच थांबले. तेव्हा फरक नेमाचा नव्हता.

१७६ सेकंद म्हणजे २६४७ विकला, अर्थात ४४.१ कला. फील्ड स्टॉप २७ मिमीचाच असल्याने सूत्र उलटे फिरवून दुर्बिणीचे नाभीय अंतर काढता येते: २७ × ५७.३ ÷ ०.७३५, म्हणजे सुमारे २१०० मिमी. नळीवर छापलेल्या आकड्यापेक्षा हे सुमारे ७० मिमी जास्त आहे, आणि यात दुर्बिणीचा काही दोष नाही. या जातीच्या बहुतेक दुर्बिणींत प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी मुख्य आरसा पुढेमागे सरकतो. डायगोनल लांब असला की नाभीप्रतल नळीपासून दूर न्यावे लागते, त्यासाठी मुख्य आरसा दुय्यम आरशाकडे सरकतो आणि संपूर्ण प्रणालीचे नाभीय अंतर वाढते. मोठ्या आयपीसच्या आशेने लावलेला २ इंची डायगोनल अडॅप्टरसह आयपीसला मागे ढकलत होता, म्हणजे क्षेत्र वाढवण्यासाठी आणलेल्या भागाने ते दीडेक कलेने घटवले होते. फरक किरकोळ आहे. तो दाखवण्याचे कारण इतकेच की श्मिट-कॅसेग्रेनच्या बाबतीत नाभीय अंतर हा पक्का आकडा नसून मागे काय जोडले आहे त्यावर अवलंबून राहणारा आकडा आहे.

याच दुर्बिणीत रुंदी वाढवण्याचे मार्ग

२ इंची बॅरलमध्ये जास्तीत जास्त ४६ मिमीचा फील्ड स्टॉप बसतो. ४६ ÷ २१०० × ५७.३ म्हणजे १.२६ अंश, अर्थात ७५ कला. कागदावर कृत्तिकांची पळी यात दोन्ही बाजूंना आठ-आठ कला ठेवून बसते. परंतु आठ इंची श्मिट-कॅसेग्रेनच्या मुख्य आरशाला मधोमध जे भोक असते, त्यातून निघणारी आतली नळी ४६ मिमीपेक्षा अरुंद असते, त्यामुळे कडेच्या ताऱ्यांचा काही प्रकाश वाटेतच अडतो आणि दृश्याची कड मंदावते. डोळ्याला हे फारसे खुपत नाही. निरीक्षकाला फक्त कृत्तिका पाहायच्या असत्या, तर हा उपाय मी अव्हेरला नसता.

दुसरा मार्ग एफ/६.३ च्या रिड्यूसरचा. तो नाभीय अंतर ०.६३ पट करतो, म्हणजे नाममात्र १२८० मिमी. त्यात आधीचाच ३२ मिमीचा प्लॉसल लावला तर २७ ÷ १२८० × ५७.३, म्हणजे १.२१ अंश, अर्थात सुमारे ७३ कला मिळतात. दोन्ही मार्ग जवळपास एकाच ठिकाणी पोहोचतात, आणि शेवटी दोघांनाही नळीच्या मागच्या त्याच अरुंद वाटेतून येणारा प्रकाश वापरायचा आहे. म्हणूनच रिड्यूसर आणि २ इंची आयपीस एकत्र लावून क्षेत्र दोन अंशांवर नेण्याचा खटाटोप फळत नाही. सूत्र दोन अंश दाखवते, पण बाहेरच्या वर्तुळात नुसता काळोख वाढतो. सूत्राला या नळीची रुंदी ठाऊक नसते, त्यामुळे त्याचे उत्तर वरची मर्यादा समजावे.

कॅमेऱ्याची बाजू

डायगोनल काढून कॅमेरा सरळ जोडला तर नाममात्र हिशेबाने लांब बाजू २३.५ ÷ २०३२ × ५७.३, म्हणजे ०.६६ अंश किंवा ४० कला, आणि आखूड बाजू १५.६ मिमीसाठी २६ कला येते. पडताळा घेण्यासाठी येथे घड्याळ लागत नाही. छायाचित्रातल्या ताऱ्यांची मांडणी तारकासूचीशी जुळवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे हौशी छायाचित्रकारांच्या भाषेत प्लेट सॉल्व्हिंग, प्रत्येक पिक्सेल आकाशाच्या किती विकला व्यापतो हे काढून देते. या सेन्सरचा पिक्सेल ३.९२ मायक्रॉनचा आहे, २०६.२६५ × ३.९२ ÷ २०३२ या हिशेबाने ०.३९८ विकला अपेक्षित होत्या आणि मिळाल्या ०.३९५, म्हणजे नाभीय अंतर सुमारे २०४७ मिमी. एकाच नळीचे डोळ्यासाठी २१०० आणि कॅमेऱ्यासाठी २०४७ असे दोन आकडे निघाले, कारण मागची लांबी वेगळी होती.

४० × २६ कलांच्या चौकटीत १९० × ६० कलांची दीर्घिका बसवायची तर जोडचित्राला पर्याय नाही. शेजारच्या चौकटी एकमेकींवर एक पंचमांश चढवल्या, तर लांबीला सहा आणि रुंदीला तीन, अशा अठरा चौकटी लागतात. रिड्यूसर लावला की चौकट ६३ × ४२ कलांची होते आणि लांबीला चार, रुंदीला दोन अशा आठ चौकटींत काम भागते. जोडचित्रात कमीपणा काहीच नाही. देवयानीच्या तबकडीच्या सुमारे एक तृतीयांश भागाचे हबल दुर्बिणीने टिपलेले आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले विशाल चित्र ४११ ठिकाणी दुर्बीण रोखून घेतलेल्या चौकटींचे आहे. तिच्या मुख्य कॅमेऱ्याची चौकट सव्वातीन-साडेतीन कलांचीच असल्याने तसे करणे भाग होते. हौशी निरीक्षकावर मात्र अशी सक्ती नसते. आठ चौकटींपैकी प्रत्येकीला पुरेसा प्रकाश मिळायचा तर एकूण वेळ आठपट लागतो आणि प्रत्येक चौकटीची पार्श्वभूमी आकाशाच्या बदलत्या उजेडानुसार वेगळी येते. दीर्घिकेचा मंद बाह्य भाग नेमका त्या सांध्यांवर बिघडतो. शिवाय ०.४ विकलांचा पिक्सेल येथे वायाच जातो, कारण वातावरणातल्या थरथरीमुळे ताऱ्याचा ठिपका सहसा दोन-तीन विकलांपेक्षा लहान होत नाही.

या ठिकाणी निरीक्षकाने विचारलेला एक प्रश्न नोंदवण्यासारखा आहे: सेन्सर पूर्ण फ्रेमपेक्षा लहान असल्याने दुर्बिणीचे नाभीय अंतर दीडपट धरावे का? धरू नये. नाभीय अंतर दुर्बिणीचे असते, सेन्सर बदलल्याने ते बदलत नाही; सेन्सर फक्त प्रतिमेतला लहान तुकडा उचलतो. सूत्रात सेन्सरची खरी लांबीरुंदी घातली की क्रॉप फॅक्टरचे, म्हणजे त्या दीडपटीचे, काम आपोआप झालेले असते, आणि तो पुन्हा लावला तर एकच कपात दोनदा होते.

उलटा हिशेब

आता सूत्र वस्तूकडून उपकरणाकडे फिरवू. दीर्घिकेच्या १९० कलांना एक पंचमांश मोकळीक दिली तर चौकटीची लांब बाजू २२८ कला, म्हणजे ३.८ अंश हवी. नाभीय अंतर २३.५ × ५७.३ ÷ ३.८, म्हणजे सुमारे ३५४ मिमी. मोकळीक एक दशांशावर आणली तर ३८७ मिमीपर्यंत जाता येते. ३५० ते ४०० मिमी हा पल्ला लहान वक्रीकारक (आरशाऐवजी भिंगाच्या) दुर्बिणींचा आहे, आणि ६० मिमी व्यासाची, ३६० मिमी नाभीय अंतराची एफ/६ दुर्बीण त्यात चपखल बसते. तिच्यावर हा कॅमेरा ३.७४ × २.४८ अंशांची, म्हणजे २२४ × १४९ कलांची चौकट देतो. पिक्सेल २.२५ विकलांचा होतो, त्यामुळे माग काढण्यातल्या बारीक चुकाही चित्रात उमटत नाहीत.

डोळ्याने पाहायलाही हीच दुर्बीण उपयोगी पडते. जुना ३२ मिमीचा प्लॉसल तिच्यात २७ ÷ ३६० × ५७.३, म्हणजे ४.३ अंशांचे क्षेत्र ११ पट विशालनाने दाखवतो. कृत्तिकांचा ११० कलांचा संपूर्ण गुच्छ आणि त्याच्याभोवतीचे दुपटीहून अधिक आकाश त्यात येते. निरीक्षकाने मनाशी धरलेल्या २४ मिमीच्या आयपीसलाही येथे अर्थ येतो: क्षेत्र तेच ४.३ अंशांचे, पण विशालन १५ पट, आणि डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास ५.३ वरून ४ मिमीवर आल्याने पार्श्वभूमी अधिक काळी. आठ इंची दुर्बिणीत जो आयपीस निरुपयोगी ठरला, तो साठ मिमीच्या दुर्बिणीसाठी चांगली निवड आहे.

६० मिमीची दुर्बीण २०३ मिमीच्या तुलनेत जेमतेम अकरावा हिस्सा प्रकाश गोळा करते, मग देवयानी तिच्यात मंद दिसणार नाही का, ही शंका रास्त आहे. एकट्या ताऱ्याच्या बाबतीत तसेच होते. मोठ्या दुर्बिणीतले कितीतरी अंधुक तारे लहानीत दिसत नाहीत. पसरट वस्तूची गोष्ट वेगळी आहे. तिच्या पृष्ठभागाची तेजस्विता प्रकाशशलाकेच्या व्यासाच्या वर्गावर ठरते. आठ इंची दुर्बिणीत ३२ मिमीच्या आयपीसने ही शलाका सुमारे ३.२ मिमीची होती, लहान दुर्बिणीत २४ मिमीच्या आयपीसने ती ४ मिमीची आहे. त्यामुळे दीर्घिकेचा पसारा लहान दुर्बिणीत उलट दीडपटीहून थोडा अधिक उजळ दिसतो. आकाशाची पार्श्वभूमीही त्याच पटीने उजळते, तेव्हा भेद वाढतो असे नाही. पण ती मंदावते ही समजूतही टिकत नाही. आणि दीर्घिकेची कड व तिच्याभोवतीचा काळोख एकाच वेळी दिसू लागल्याने डोळ्याला तिचा आकार प्रथमच कळतो.

निर्णय आणि कॅमेऱ्याचा कोन

निर्णय असा झाला की आठ इंची दुर्बीण आहे तशी ठेवावी, रिड्यूसर आणि २ इंची आयपीस दोन्ही वगळावेत, तिला १.२५ इंची आखूड डायगोनल लावावा, आणि रुंद आकाशाचे काम ३६० मिमीच्या वेगळ्या दुर्बिणीकडे द्यावे. रिड्यूसर निवडणेही चूक ठरले नसते. मृगातला सुमारे एका अंशाचा तेजोमेघ हेच मुख्य लक्ष्य असते, तर ६३ × ४२ कलांची चौकट पाहता मी त्याच्याच बाजूने कौल दिला असता. येथे लक्ष्य त्याच्या तिप्पट लांबीचे होते.

लहान दुर्बिणीवर कॅमेरा चढवताना एक गोष्ट उरते, आणि ती सूत्रात येत नाही. देवयानी दीर्घिका आकाशात उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे ३५ अंश कललेली आहे. त्यामुळे तिची उत्तर-दक्षिण व्याप्ती १५९ कला आणि पूर्व-पश्चिम व्याप्ती १२० कला होते. कॅमेऱ्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली तर आखूड बाजूच्या १४९ कलांत १५९ कला बसत नाहीत आणि दोन्ही टोके कापली जातात. दृष्टिक्षेत्राचा हिशेब बरोबर असूनही चित्र अपुरे येते. कॅमेरा ३५ अंशांत फिरवून लांब बाजू दीर्घिकेच्या लांबीला समांतर केली तर टोकांना १७-१७ कला आणि बाजूंना ४४-४४ कला राहतात. तिसरा पर्याय म्हणजे लांब बाजू सरळ उत्तर-दक्षिण ठेवणे. २३.५ × १५.६ च्या चौकटीचा कर्ण लांब बाजूशी ३३.६ अंशांचा कोन करतो, म्हणजे दीर्घिका जवळजवळ कर्णावरच पडते. उत्तर-दक्षिण टोकांना ३२-३२ कला आणि पूर्व-पश्चिम बाजूंना १५-१५ कला सुटतात. गाभ्यापासून वायव्येला सुमारे ३६ कलांवर असलेली एम ११० ही सोबतीण दीर्घिका दोन्ही मांडण्यांत चौकटीच्या पुष्कळ आत राहते. निरीक्षकाने तिसरी मांडणी पसंत केली, कारण उत्तर-दक्षिण दिशा जुळवायला कोनमापक लागत नाही: दुर्बीण क्रांतीच्या दिशेने हलवत थोडे लांब एक्स्पोजर घेतले की ताऱ्यांच्या रेघा चौकटीच्या लांब बाजूला समांतर उमटतात की नाही ते लगेच दिसते, आणि उमटेपर्यंत कॅमेरा त्याच्या कड्यात फिरवायचा.